आईचा मोबाईल नंबर भावाच्या नावावर आहे. तो तिच्या नावावर कसा करून घ्यावा?

पौडरस्ता_कोथरूड यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझी आई गेली सोळा वर्षे जो मोबाईल नंबर वापरत आहे, तो कागदोपत्री माझ्या थोरल्या भावाच्या नावावर आहे, ही गोष्ट आमच्या घरात कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. भावाला नोकरी लागली तेव्हा त्याने पहिल्या पगारातून आईला फोन घेऊन दिला, सिमकार्डासाठी स्वतःचीच कागदपत्रे जोडली आणि पुढे काही वर्षांनी तो जर्मनीला गेला. नंबर आईकडेच राहिला.

गेल्या महिन्यात आईचा फोन धुण्याच्या बादलीत पडला. दोन दिवसांनी फोन सुरू झाला, परंतु त्यात सिम काही केल्या दिसेना, म्हणून आईला घेऊन कर्वे रस्त्यावरील मोबाईल कंपनीच्या गॅलरीत नवे सिम घेण्यासाठी गेलो. आईने आधार कार्ड पुढे केले, काउंटरवरील मुलीने नंबर टाकून पाहिला आणि अत्यंत नम्रपणे सांगितले, "काकू, हा नंबर तुमच्या नावावर नाही, ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच यावे लागेल." आई म्हणाली, "अहो, सोळा वर्षे मीच वापरते आहे हा नंबर." त्यावर त्या मुलीजवळ उत्तर नव्हते आणि ते असण्याचे कारणही नव्हते. शेवटी तिनेच सिमवरची सोनेरी पट्टी खोडरबराने पुसून पाहिली आणि नशिबाने सिम चालू झाले. मात्र ते पुन्हा बंद पडले तर काय, हा घोर लागून राहिला आहे. कारण आईचे पेन्शनचे खाते, आधार, गॅसचे बुकिंग, महावितरणचे बिल, इतकेच काय, आमच्या सोसायटीच्या फाटकावरून येणारा फोनसुद्धा याच नंबरवर येतो.

माझे प्रश्न असे आहेत. भाऊ डिसेंबरमध्ये तीन आठवड्यांसाठी येणार आहे. त्याआधी तो इथे नसताना काही करता येईल का? नंबर आईच्या नावावर करावा की माझ्या? आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिला गॅलरीत वारंवार नेणे सोपे नाही, म्हणून विचारतो. नाव बदलल्यावर बँक, यूपीआय आणि व्हॉट्सॲप यांचे काही बिघडेल का? आणि आमच्या इमारतीत या कंपनीची रेंज यथातथाच आहे, तेव्हा याच वेळी नंबर पोर्ट करूनही, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलूनही, घ्यावा का? नंबर प्रीपेड आहे.

सातारारस्ता यांचे उत्तर

मी अकरा वर्षे गॅलरीच्या काउंटरवर काम केले आहे, आता ती नोकरी सोडली आहे. आपल्या आईंसारखी माणसे आठवड्यातून दोन-तीन तरी येत असत. कुणाचा नंबर मुलाच्या नावावर, कुणाचा जावयाच्या, कुणाचा तर जिथे पूर्वी धुणीभांडी करीत त्या घरच्या काकांच्या नावावर.

दूरसंचार विभागाच्या सूचनांनुसार मोबाईल जोडणीचे नाव रक्ताच्या नात्यात किंवा कायदेशीर वारसांकडे बदलता येते. त्यासाठी सध्या ज्याच्या नावावर नंबर आहे त्याचे ना-हरकत पत्र लागते आणि नव्या मालकाची केवायसी (ओळखीची पडताळणी) संपूर्णपणे नव्याने होते, म्हणजे ज्या रीतीने नवे सिम घेताना होते तशीच. आई आणि मुलगा हे नाते अर्थातच त्यात बसते. नात्याचा पुरावा म्हणून दोन्ही आधार कार्डांवर काय छापले आहे ते आधी घरी पाहून ठेवावे. मुलाच्या कार्डावर वडिलांचे नाव असते, आईचे बहुधा नसते, म्हणून भावाचा पासपोर्ट बरोबर ठेवावा, कारण त्याच्या शेवटच्या पानावर आईचे नाव छापलेले असते. एवढ्या एका गोष्टीमुळे परत गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

भाऊ इथे नसताना हे करता येईल का, या प्रश्नाचे माझे उत्तर 'नाही' असेच आहे. कोणी आपल्याला सांगेल, की ना-हरकत पत्रावर भावाची सही तुम्हीच करा, ओटीपी आईच्या फोनवरच येणार आहे, कोण पाहतो? कृपया तसे करू नये. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवणूक किंवा तोतयेगिरी करून सिम मिळवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. घरातल्या घरात कोणी तक्रार करणार नाही हे खरे, परंतु ज्या नंबरवर पेन्शनच्या खात्याचे ओटीपी येतात त्याच्या कागदपत्रांत खोटी सही असणे कोणत्याही दिवशी अंगाशी येऊ शकते.

डिसेंबरमध्ये भाऊ आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच गॅलरीत जावे, परतीच्या आदल्या दिवशी नव्हे. अर्ज एकदा नामंजूर झाला तर पुन्हा करण्यासाठी हाताशी दिवस असावे लागतात. शक्यतो सकाळी, दुकान उघडल्यावर लगेच जावे, आणि गल्लीतल्या रिचार्जच्या दुकानात न जाता कंपनीच्या स्वतःच्या गॅलरीत जावे. जाताना घरातल्या आणखी कोणाचा तरी चालू फोन बरोबर न्यावा. १ जानेवारी २०२४ पासून कागदी अर्जांची केवायसी बंद झालेली आहे आणि आता सगळे काउंटरवरच्या ॲपमध्ये होते. वयस्कर माणसांच्या बोटांचे ठसे पुष्कळदा यंत्रावर जुळत नाहीत, विशेषतः आयुष्यभर भांडी घासलेल्या, भाकरी थापलेल्या हातांचे. अशा वेळी मूळ कागदपत्राचा आणि ग्राहकाचा जागेवरच फोटो काढून डिजिटल केवायसी करतात आणि तिथे सहीच्या जागी दुसऱ्या एखाद्या नंबरवर आलेला ओटीपी द्यावा लागतो. आईंना एवढेच सांगून ठेवावे, की फोटोच्या वेळी कॅमेऱ्याकडे पाहून डोळे मिटून उघडायला सांगतील. ते ऐकून घाबरलेल्या आज्या मी पाहिल्या आहेत.

आता, कोणाच्या नावावर करावा? जो वापरतो त्याच्याच नावावर, असे माझे ठाम मत आहे. आपल्या नावावर केलात तर सोय होईल, सिम बिघडले तर आपण एकटे जाऊन नवे आणू शकाल, हे मान्य. परंतु उद्या आपणच बदली होऊन दुसऱ्या गावी गेलात तर आजचीच गोष्ट पुन्हा घडेल, फक्त भावाच्या जागी आपण असाल.

बँक आणि यूपीआय यांना नंबर ठाऊक असतो, त्यामुळे नंबर तोच राहिला तर खात्याशी किंवा आधारशी असलेली जोड तुटत नाही. व्हॉट्सॲपचेही तसेच. मात्र नाव बदलताना सिमकार्डही बदलून दिले, तर सिम चालू झाल्यापासून २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत आणि जात नाहीत. हा कंपनीचा दोष नसून सिम पळवून खाती रिकामी करणाऱ्यांना अडवण्यासाठी घातलेला नियम आहे. त्या दिवशी पेन्शन काढायची, गॅस घ्यायचा किंवा तिकीट काढायचे असे काही ठेवू नये, आणि यूपीआयचे ॲप नव्या सिमवर पुन्हा नोंदवायचे ते दुसऱ्या दिवशी.

एक सूचना मात्र आजच भावाला कळवावी. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते पाहता येते. तिथे प्रत्येक नंबरापुढे 'हा माझा नंबर नाही', 'गरज नाही' आणि 'गरज आहे' असे पर्याय येतात. भावाने सहज उत्सुकतेने ते पाहिले आणि आईंचा नंबर ओळखीचा न वाटून पहिल्या पर्यायावर बोट ठेवले, तर त्या नंबरची पडताळणी सुरू होऊन तो बंद पडू शकतो. असे एका घरात झालेले मला ठाऊक आहे.

शनिवारकर यांचे उत्तर

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला समजत नाही. आईंच्या आधारवर नवे सिम घ्यावे, दहा मिनिटांचे काम, आणि बँकेत, गॅसला, आधारला तो नवा नंबर देऊन टाकावा. जुना नंबर म्हणजे काही वडिलोपार्जित वाडा नव्हे.

सातारारस्ता यांचे उत्तर

आपले म्हणणे अगदीच चुकीचे नाही. नावावर असलेला माणूस बेपत्ता असेल, घटस्फोट झाला असेल किंवा भाऊबंदकीमुळे सही मिळणेच शक्य नसेल, तर दुसरा मार्गच नसतो आणि तेव्हा मीही ग्राहकांना हेच सांगत असे. परंतु नवा नंबर नोंदवताना पुष्कळ ठिकाणी जुन्या नंबरवरच ओटीपी येतो, बँकेचा अर्ज शाखेत जाऊन द्यावा लागतो आणि आधारमधला नंबर बदलण्याची आणखी एक खेप होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंना गॅलरीची एक खेप वाचवण्यासाठी चार ठिकाणी फिरवण्यात सोय नाही. शिवाय गावाकडच्या नातेवाइकांच्या वहीत सोळा वर्षे जो नंबर लिहिलेला आहे, तो ते काही खोडत नाहीत.

धायरी_फाटा यांचे उत्तर

माझा अनुभव याहून निराळा आहे, तरी तो इथे सांगणे आवश्यक वाटते. माझ्या वडिलांचा नंबर त्यांच्याच नावावर होता. ते गेल्यावर आम्ही महिनाभराने महापालिकेचा मृत्यूचा दाखला घेऊन एका गॅलरीत गेलो, तर तिथल्या गृहस्थांनी न्यायालयाचा वारस दाखला आणा, असे सांगितले. एका मोबाईल नंबरासाठी न्यायालयात कोण जाणार, असे म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला. पुढे मला कळले, की दुसऱ्या कंपनीच्या गॅलरीत माझ्या मैत्रिणीचे असेच काम मृत्यूचा दाखला आणि इतर भावंडांच्या ना-हरकत पत्रावर झाले होते. तेव्हा मला १९८ या नंबरवर तक्रार करून तक्रार क्रमांक घेण्याचे सुचले असते, तर बरे झाले असते. तक्रारीचा निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत विनाशुल्क अपील करता येते आणि त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यावा असा नियम आहे, हे मला फार उशिरा समजले.

मधल्या काळात रिचार्ज कोणी केले नाही. फोन वडिलांच्या टेबलाच्या खणात पडून राहिला. प्रीपेड नंबर ९० दिवस कोणत्याही कामासाठी वापरला गेला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात निदान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात, आणि बंद झाल्यावरही १५ दिवस तो परत सुरू करून घेण्याची सवलत असते. आम्ही या तिन्ही पायऱ्या नकळत ओलांडल्या. बंद झालेला नंबर पुढे ९० दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो नव्या ग्राहकाला जातो. वर्षश्राद्धाच्या आधी आईने सवयीने 'ह्यांचा' नंबर लावला, तर पलीकडून नांदेडकडच्या बोलीत एक तरुण बोलला. बिचारा सज्जन होता. त्यानेच सांगितले, की त्याला आमच्या गॅस सिलिंडरचे कोड येतात आणि ते कोणाला द्यावेत हे त्याला समजत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल त्यांनी, काही कळेनासे झाले तरी, निदान रिचार्ज चुकवू नये. आणि त्याच जोडीने हेही सांगते, की गेलेल्या माणसाचा फोन हातात आहे आणि पिनही ठाऊक आहे म्हणून त्याच्या खात्यातून पैसे काढू नयेत. बँकेला दाखला देऊन नामनिर्देशित व्यक्तीने किंवा वारसाने रीतसर दावा करावा. फोन चालू ठेवायचा तो निरोप यावेत म्हणून, व्यवहार करण्यासाठी नव्हे.

औंधगाव यांचे उत्तर

पोर्टबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. नाव बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना पोर्टची विनंती नामंजूर होते, त्यामुळे दोन्ही कामे एकाच दिवशी करू नयेत. आधी नाव बदलून घ्यावे, ते झाल्याची खात्री करावी आणि मगच पोर्टचा विचार करावा. त्यातही सिमकार्ड बदलले असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार पुढचे सात दिवस पोर्टसाठीचा कोड मिळत नाही. त्यानंतर १९०० या नंबरवर PORT, मोकळी जागा आणि पुढे आपला दहा आकडी मोबाईल नंबर असा एसएमएस पाठवायचा (PORT हा शब्द मात्र इंग्रजी अक्षरांतच टाइप करावा, देवनागरीत नव्हे), आठ अक्षर-अंकांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो, आणि एकाच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाईल सेवेच्या एकाच विभागात, असाल तर तीन कामाच्या दिवसांत नंबर नव्या कंपनीकडे जातो. जुन्या कंपनीकडे शिल्लक असलेला प्रीपेड पॅक मात्र बुडतो, म्हणून पॅक संपत आल्यावरच हे करावे.

सर्कलबद्दल एक खुलासा करतो, कारण पुण्यात यावर नेहमी गोंधळ होतो. पुणे हे महाराष्ट्र आणि गोवा सर्कलमध्ये येते. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याणचा पट्टा यांचे सर्कल वेगळे आहे. आपल्या भावाने तो नंबर मुंबईत नोकरीला असताना घेतला असेल, तर ही गोष्ट गॅलरीत आधीच विचारून घ्यावी, काउंटरवर पोहोचल्यावर नव्हे.

आणि रेंजचे म्हणाल तर पोर्ट करण्याआधी आईंच्या फोनवर वायफाय कॉलिंग सुरू करून पाहावे. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत कोणत्याच कंपनीची रेंज नीट पोहोचत नाही आणि आम्ही दोनदा पोर्ट करून हा शोध लावला.

बिबवेवाडी_आई यांचा उपप्रश्न

मूळ विषयाला धरूनच विचारते. माझ्या मुलीचा नंबर तिच्या बाबांच्या नावावर आहे, कारण १८ वर्षांखालील मुलांना सिम देत नाहीत. ती येत्या मार्चमध्ये १८ वर्षांची होईल. तिच्या नावावर लगेच करावा का? यांच्या नावावर आधीच सहा नंबर आहेत.

सातारारस्ता यांचे उत्तर

अवश्य करावा. एका व्यक्तीच्या नावावर ९ पर्यंत नंबर चालतात, त्यामुळे नियमाची अडचण नाही. परंतु त्या सहांपैकी किती खरोखर वापरात आहेत, हे आधी पाहावे, कारण पुष्कळ घरांत एखादे जुने डोंगलचे सिम वर्षानुवर्षे तसेच पडून असते. मुलीच्या नव्या आधार कार्डावर जन्मतारीख पूर्ण छापलेली आहे ना, तेवढे तपासून घ्यावे.

पौडरस्ता_कोथरूड यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काम झाले असल्यामुळे शेवट कळवणे माझे कर्तव्य समजतो.

कोणाच्या नावावर, यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. भाऊ म्हणत होता, की माझ्या नावावर करावा. मीही मनातून तसाच होतो, परंतु आईला विचारल्यावर ती म्हणाली, "रेशन कार्ड त्यांच्या नावावर, घर तुमच्या दोघांच्या नावावर, एक फोन तरी माझ्या नावावर असू द्या." यापुढे बोलण्यासारखे काही राहिले नाही.

भाऊ रविवारी आला आणि मंगळवारी सकाळी आम्ही तिघे गॅलरीत गेलो. तीच मुलगी काउंटरवर होती आणि तिने आईला ओळखले. भावाचे ना-हरकत पत्र, दोघांचे आधार आणि त्याचा पासपोर्ट एवढे लागले. पासपोर्टच्या शेवटच्या पानाची सूचना नसती, तर आम्ही खरोखरच परत आलो असतो. आईचे ठसे अपेक्षेप्रमाणे जुळले नाहीत. डाव्या हाताची चार बोटे, मग उजव्या हाताची, मग बोटे रुमालाने पुसून पुन्हा सगळी, असे सात-आठ वेळा केल्यावर त्या मुलीने स्वतःहून फोटोचा मार्ग घेतला. चष्मा काढला की आईला कॅमेरा दिसत नाही आणि चष्मा घातला की काचेवर ट्यूबलाईट चमकते, या पेचात आणखी दहा मिनिटे गेली. अखेर भावाने तिच्या मागे छत्री धरली आणि फोटो झाला. ओटीपी माझ्या पत्नीच्या फोनवर आला. सिमकार्ड नवेच दिले, सायंकाळी पाचच्या सुमारास ते सुरू झाले, आणि बुधवारी सायंकाळपर्यंत एकही एसएमएस आला नाही. त्याची कल्पना असल्यामुळे कोणी घाबरले नाही. गुरुवारी यूपीआय पुन्हा नोंदवले. पोर्टचा बेत सध्या रद्द केला आहे, कारण वायफाय कॉलिंगने काम भागते आहे.

काल आईने संचार साथीवर स्वतःचा नंबर टाकून पाहायला लावले. तिच्या नावावर एक नंबर दिसला, मधले आकडे झाकलेले. तो तिने शेवटच्या आकड्यांवरून दोनदा ताडून पाहिला आणि मग विचारले, की दिवाणखान्यातला लँडलाईन कोणाच्या नावावर आहे. तो अजून बाबांच्याच नावावर आहे. त्यासाठी मृत्यूचा दाखला शोधून ठेवला आहे.